काटा लाल झाला तर पाटी खाली

माझ्या गॅरेजच्या पाटीमुळे लोक माझ्याकडे थंडा मागायला यायचे. चूक पेंटरची नव्हती, माझीच होती. कल्याण-भिवंडी रस्त्यावर कोन गावात मी स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा आजूबाजूला चार मेकॅनिक आधीच बसलेले होते. आपलं काही वेगळं दिसावं म्हणून मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘सुदाम ऑटो, कूलिंग स्पेशालिस्ट’. मग काय, उन्हाळ्यात ट्रक बाजूला लावून ड्रायव्हर यायचे, “चाचा, दो ठंडा देना.” एक यंत्रमागवाला टेम्पोत फ्रीज घालून घेऊन आला होता. मी हात लावणार नाही म्हटल्यावर तो माझ्यावरच भडकला, “फिर लिखा क्यों है?” शेजारच्या चहावाल्या यादवजींनी या सगळ्याचा फायदा करून घेतला. त्यांनी चहाच्या टपरीत थंडाही ठेवायला सुरुवात केली.

पण पाटी मी बदलली नाही. तापणारी गाडी हा माझा विषय होता आणि त्याचा मला माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन म्हणजे पेटलेली चूल. तिच्या भोवती पाणी फिरतं. ते पाणी आग उचलतं, पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, तिथे वाऱ्यानं गार होतं आणि पुन्हा चुलीकडे येतं. पाणी, वाट आणि वारा, या तिघांपैकी एकानं दगा दिला की समोरचा काटा लाल रेघेकडे सरकतो. त्या वेळी गाडी थांबवायची. बहुतेक लोक थांबवत नाहीत, ‘आता आलंच घर’ म्हणतात आणि घराऐवजी इंजिन खर्चात येतं.

भिवंडीत वाऱ्याचा दगा जास्त. मी कामतघरात राहतो. तिथे यंत्रमागांचा तूस, म्हणजे कापसाचा बारीक भुसा, दोरीवरच्या कपड्यांवर बसतो, डाळीत बसतो, झोपलेल्या माणसाच्या मिशीवर बसतो. तोच तूस रेडिएटरच्या जाळीत जाऊन गादीसारखा दाबून बसतो. आमच्याकडे माणसांना दमा होतो तसा गाड्यांनाही होतो. बाहेरगावच्या मेकॅनिकला तो सापडत नाही, मला न बघता सापडायचा.

म्हणूनच वळ गावच्या दामूशेठची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी ती हसत हसत घेतली.

दामूशेठ म्हणजे मूळचे शेतकरी. वडिलांच्या हयातीतच भाताच्या खाचरांवर गोडाऊन उभी राहिली आणि घरात पैसा आला. त्या पैशातून वडिलांनी, म्हणजे बाबाशेठनी, एक मोठी चौकोनी डिझेल गाडी घेतली. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. दामूशेठकडे आता तिच्याहून चांगल्या दोन गाड्या होत्या. पण बाबाशेठ नातीला, प्राचीला, याच गाडीतून शाळेत सोडायचे आणि रोज तिला सांगायचे, “तुला मांडवात बी याच गाडीतून नेईन.” बाबाशेठ गेले. प्राचीचं लग्न ठरलं. आणि बाबाशेठच्या बायकोनं, जिला सगळं गाव आये म्हणतं, जाहीर केलं की पोरगी मांडवात जाईल तर त्याच गाडीतून जाईल. ऐंशीच्या घरातली बाई. तिच्यापुढे दामूशेठचं काही चालायचं नाही.

“मिस्त्री, लग्नाला दोन म्हैने हायेत,” दामूशेठ म्हणाले. “गाडी तापते. आयेचा जीव हाय तिच्यात.”

मी जाळी काढली. आत दोन बोटं जाडीचा तूस होता. हवा मारली, पाणी मारलं, गाडी चालवून बघितली. काटा अर्ध्यावर शहाण्या मुलासारखा बसला. आठ दिवसांनी गाडी परत आली, तापलेली.

आता वाटेचा दगा असणार. टोपण उघडलं तर आतलं पाणी लालसर, मातकट. गंज. जुन्या गाडीत गंज असतोच. गाडीचा रेडिएटर जुन्या पद्धतीचा, पितळेचा होता. तो मी उतरवला, वरचं झाकण उघडून प्रत्येक नळीतून स्वतःच्या हातानं बारीक सळई फिरवली, हिरवं नवं कूलंट भरलं. आठ दिवसांनी गाडी परत. पाणी पुन्हा लाल.

मग मी पाणी फिरवणारी वॉटर बॉडी बदलली. पाण्याची वाट उघडणारा वॉल, म्हणजे थर्मोस्टॅट, बदलला. पंख्याची मोटर बदलली. टोपणसुद्धा बदललं, कारण कधीकधी साध्या टोपणाचं रबर मेलं तरी पाणी उकळून बाहेर येतं. इंजिनचं डोकं उघडून पॅकिंग बदललं. वळच्या बोअरचं पाणी जड असेल म्हणून यादवजींकडून बाटलीतलं पाणी आणून भरलं. प्रत्येक वेळी गाडी माझ्याकडून गार जायची, पाच-सात दिवस नीट राहायची आणि लाल पाणी घेऊन परत यायची. इतका गंज येतो कुठून? हिशेबानं तोपर्यंत अर्धं इंजिन विरघळून जायला हवं होतं.

बबन नावाचा त्यांचा ड्रायव्हर होता. मी त्याला समोर उभं करून विचारलं, “रेडिएटरमध्ये कोणी काही टाकलं का?”

“कोनी न्हाय.”

“बोनेट कोणी उघडलं?”

“कोनी न्हाय मिस्त्री. आयशप्पत.”

माणूस सरळ होता. मी विश्वास ठेवला.

एव्हाना गाडी प्रसिद्ध झाली होती. जो येईल तो सल्ला द्यायचा. रिक्षावाले म्हणाले वॉल काढूनच टाका. यादवजी म्हणाले, “मिस्त्री, इसको नज़र लगी है,” आणि त्यांनी स्वतःच्या खर्चानं बंपरला लिंबू-मिरची बांधली. ती दुसऱ्या दिवशी उष्णतेनं वाळून कोळसा झाली. तेव्हा ते म्हणाले, “देखा? बहुत तगड़ी नज़र है.”

आणि मग मी आयुष्यातला सगळ्यात वाईट सल्ला दिला. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. गाडीतला हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो. त्यामुळे रस्त्यात काटा चढायला लागला आणि थांबायला जागा नसली तर एसी बंद करून हीटर फुल लावायचा. मी शेठना सांगितलं, “अडचण आलीच तर हीटर लावा. काचा मात्र उघड्या ठेवा.”

पहिलं वाक्य शेठनी लक्षात ठेवलं. मे महिना होता. शेठ कल्याणच्या व्याह्यांना हॉल दाखवायला घेऊन निघाले. गाडीत मागे व्याही, विहीण आणि व्याह्यांचे थोरले भाऊ. आयेनं सांगितलं म्हणून हीच गाडी. रस्त्याचं काम चाललेलं, धूळ उडत होती, म्हणून काचा बंद. वाहनांच्या गर्दीत काटा चढला. शेठनी एसी बंद केला आणि हीटर फुल लावला. पहिली पाच मिनिटं कोणी बोललं नाही, कारण पाहुणे माणसं. मग थोरल्या भावांनी टोपी काढली. मग बंडी काढली. शेवटी व्याह्यांनी घाम पुसत विचारलं, “शेठ, आमचं काही चुकलं का?”

लग्न मोडता मोडता राहिलं. दामूशेठ तसेच माझ्याकडे आले. अंगातल्या सफारी सूटमधून घाम गळत होता.

“मिस्त्री, तुज्याच्यानं होत नसंल तर तसा सांग. वर मोठा बोर्ड लावलाय कशाला मग? आयेला मी काय सांगू? बाबाचा शबुद गेला म्हनून सांगू?”

रस्त्यावर पंधरा माणसं ऐकत होती. यादवजी चहा गाळायचे थांबले होते. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. तीस वर्षांत एकाही गाडीनं माझा असा पाणउतारा केला नव्हता. मी म्हणालो, “शेठ, लग्नाच्या दिवशी गाडी मी चालवणार. काटा लाल झाला तर त्याच दिवशी ही पाटी मी स्वतःच्या हातानं उतरवीन.”

असं बोलून झाल्यावर माणसाला जरा बरं वाटतं. रात्री जेवताना वाटेनासं होतं. बायको म्हणाली, “पाटी उतरवून काय लावणार? ‘थंडा मिळेल’?”

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी प्राचीची हळद होती. मला आमंत्रण होतं. मी गेलो तो हळदीपेक्षा गाडीवर लक्ष ठेवायला. गाडी मांडवाच्या मागे उभी होती, आदल्याच दिवशी मी ती पुन्हा धुवून गार करून दिलेली. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती आणि बायकांनी मला पकडलं. आमच्या भागात हळदीला आलेला माणूस कोरडा परत जात नाही. तोंड, कान, कोपरापर्यंत हात, सगळं पिवळं. मी मागच्या नळावर गेलो. तिथे कपडे धुवायची साबणाची वडी पडली होती. ती हाताला चोळली.

आणि हात लाल झाले.

तुम्ही म्हणाल यात काय विशेष. घरातल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते काय उगाच? मलाही ठाऊक होतं. पण ते ज्ञान डोक्याच्या एका खोलीत होतं आणि गाड्यांचं दुसऱ्या खोलीत. त्या नळापाशी मधली भिंत पडली. माझ्या हातावरचा तो रंग मी दोन महिने दर आठवड्याला बघत होतो. कूलंटही साबणासारखंच क्षाराचं असतं. तो गंज नव्हताच. मी दोन महिने हळदीवर इलाज करत होतो. वास कसा आला नाही म्हणाल, तर माझं नाक डिझेलनं केव्हाच मारलंय.

बबनला मी गाडीमागे ओढून नेलं.

“खरं सांग. रेडिएटरमध्ये हळद कोण घालतं?”

“हळद होय? ती आये घालते. दर मंगळवारी. पूजा असते ना गाडीची.”

“बोनेट उघडून?”

“मग? गाडीचा देव काय डिकीत असतो?”

“अरे, मग मी विचारलं तेव्हा कोणी नाही म्हणालास.”

बबनला माझा प्रश्नच कळला नाही. “तुमी विचारला कोनी काय टाकला का. आये म्हंजे कोनी हाय का?”

मी त्याला तिथेच सोडून आयेला शोधायला निघालो.

आये ओसरीवर बसली होती. मी शेजारी टेकलो आणि हळू आवाजात विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वेडा.

“तूच सांगलंस ना मना.”

“मी?”

“तूच. इसरलास? दामूच्या लग्नाचा बाजार घेऊन आमी येत होतो. जीप बंद परली. कोनच्या रस्त्यावं.”

आणि मला आठवलं. तेव्हा मी उस्तादाच्या हाताखाली होतो, नवीन नवीन हात चालायला लागला होता. बाबाशेठची जीप, रेडिएटरला बारीक छिद्र, पाणी पिचकारीसारखं उडत होतं. जीपमध्ये लग्नाच्या हळदीचं पोतं. त्या काळी ट्रकवाल्यांची एक युक्ती होती. छिद्र बारीक असेल तर रेडिएटरमध्ये हळद टाकायची. ती पाण्याबरोबर जाऊन छिद्रात फुगून बसते आणि गळती बंद होते, गॅरेज गाठेपर्यंत. मी पोत्यात हात घातला, हळद टाकली, गळती थांबली. ही बाई डोळे मोठे करून बघत होती. तिच्यासमोर शायनिंग मारायचा मोह मला आवरला नाही. मी म्हणालो होतो, “काकी, हे गाडीचं औषध. आठवड्याला मूठभर घालत जा, गाडी कधी म्हातारी व्हायची नाही.”

बोलून मी विसरलो. डॉक्टरनं लिहून दिल्यासारखं तिनं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. मधल्या काळात गरज पडली नाही. गाडी तापायला लागली तसं तिला औषध आठवलं. मी गाडी बरी करून पाठवायचो आणि ती मंगळवारी मूठभर हळद घालायची. बारीक नळ्या तुंबायच्या, काटा चढायचा. गाडी परत आजारी झालेली बघून तिनं गेल्या महिन्यापासून शुक्रवारचाही डोस सुरू केला होता.

“जास्त झाली का रं?” तिनं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. “पोरगीला घेऊन गेली पायजे रं गारी. त्यांनी शबुद दिलाय.”

मला स्वतःची लाज वाटली. काय बोललो होतो आणि कुणासमोर. मी म्हणालो, “आये, औषध बरोबर होतं. डोस मी चुकीचा सांगितला.”

“दामूला सांगू नको. तो मना गारीला हात लावू देनार न्हाय.”

मी शब्द दिला. त्या घरात आधीच एक शब्द अडकला होता, त्यात ही भर.

सूर्य मावळायच्या आत काम उरकायचं होतं. आचाऱ्याकडून कढईभर उकळतं पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि तीनदा आतून धुवून काढलं. लाल पाणी मांडवाखालून वाहायला लागलं तसे पाहुणे पाय उचलून बसले. शेठचे मेहुणे म्हणाले, “बोकड उद्याला हाय ना?” चौथ्या वेळी पाणी काचेसारखं आलं. मी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. काटा अर्ध्यावर. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की पाटी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा शर्ट घालून गाडी चालवायला बसलो. शेजारी दामूशेठ, मागे नटलेली प्राची आणि आये. वळपासून निघालो, गाडी लोण्यासारखी चालली होती. शेठ अधूनमधून काट्याकडे बघत होते, मग फोन आला आणि ते आचाऱ्याशी भांडायला लागले. हॉल आमच्या कोन गावाच्या थोडा पुढे. आणि कोन आलं तसा काटा हलला.

आधी वाटलं भास. मग बोनेटच्या फटीतून बारीक वाफ दिसली. आरशात आयेचे डोळे दिसले, तेही काट्यावर. गाडी थांबवायला जागा मिळाली ती माझ्याच गॅरेजसमोर, माझ्याच पाटीखाली. बंद करता करता काटा लाल रेघ ओलांडून गेला होता.

बोनेट उघडलं आणि बघताच कळलं. रेडिएटरच्या एका नळीतून सुईएवढी धार उडत होती. दीड महिन्यापूर्वी मी सळई फिरवली होती ना, तेव्हा माझ्याच हातानं ती नळी आतून टोचली गेली होती. नंतरच्याच मंगळवारी आयेची हळद त्या छिद्रात जाऊन बसली आणि दीड महिना तिनं माझी चूक झाकून ठेवली. साध्या पाण्यानं ती निघत नव्हती, काल मी सोड्यानं धुवून काढली आणि माझी चूक उघडी पडली.

शेठ फोन खिशात टाकत खाली उतरले. रस्त्यावर माणसं जमायला लागली होती. मुहूर्ताला पाऊण तास.

मागची काच खाली झाली. आयेनं कमरेची पानाची पिशवी सोडली, तिच्यातून एक कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी पुडी उघडली. पिवळीधमक.

“मूठभर?” तिनं विचारलं.

“एकच चमचा, आये.”

तापलेल्या इंजिनात गार पाणी कधी ओतायचं नाही, लोखंडाला तडा जातो. मी यादवजींना हाक मारली. त्यांच्याकडे चहाचं आधण तयार होतं. ते पातेलं घेऊन धावत आले आणि टॉवेलनं टोपण उघडून, चमचाभर हळद टाकून मी ते ओतत असताना त्यांनी मनापासून विचारलं, “मिस्त्री, पत्ती डालूँ?”

धार बारीक झाली. मग थेंब. मग थांबली.

दामूशेठ पाटीकडे बघत होते. “मिस्त्री, तापली का गाडी?”

“नाही शेठ,” मी म्हणालो. “हळद लागायची राहिली होती.”

आत प्राची हसली. तिच्या हसण्यामुळे शेठही हसले आणि बसले. हीटर लावून, काचा उघड्या ठेवून आम्ही हॉलवर पोचलो. मुहूर्ताला दहा मिनिटं बाकी होती. आयेनं उतरल्यावर बोनेटवरून हात फिरवला. मग माझ्याजवळून जाताना कानाशी म्हणाली, “काटा मी बगला. मी कोनाला सांगनार न्हाय. तू बी माजा सांगू नको.”

या गोष्टीला तीन वर्षं झाली. गॅरेज आता माझा भाचा बघतो. पाटी तीच आहे आणि अजून कोणीतरी दो ठंडा मागून जातं. मी मात्र तिच्याकडे मान वर करून बघत नाही. परवा वळला गेलो होतो, आयेला विचारलं, दिवाळी अंकात लिहितोय, आपलं सगळं लिहू का? तिनं तोंडातलं पान गालात सारलं.

“लिव,” म्हणाली. “दामूला कलू दे. पोरगी गेली ना मांडवात. पन एक कर.”

“काय?”

“माप बरोबर लिव. लोकं वाचत्यात आनी तसाच करत्यात.”

तर दामूशेठ, तुम्ही हा अंक घेता हे मला माहीत आहे. त्या दिवशी काटा लाल झाला होता. पाटी उतरवायला केव्हा येताय ते कळवा, शिडी माझ्याकडे आहे. आणि बाकीच्यांसाठी, चमचाभर. तेही गळती असेल तरच.